बारदान वजा वीस किलो

"पेटी खाली घे. जमिनीवर खोल आणि सात किलो काढ."

विमानतळाच्या काउंटरवरच्या माणसाने हे मला मराठीतच सांगितलं. पासपोर्ट हातात घेताना तो मला 'अहो' म्हणाला होता. मग त्याने आडनाव वाचलं, खाली 'खरवई, बदलापूर' वाचलं आणि 'अहो'चा 'ए' झाला. आडनावावरून माणूस किती वाकवता येईल, याचा हिशेब असल्या लोकांना पाठ असतो.

नव्वदीची सुरुवात होती. अंबरनाथची आमची कंपनी बंद पडलेली. मी फिटर. आखातातल्या एका वर्कशॉपात काम मिळालं होतं, पण पोचल्या दिवशी स्वतःच्या हत्यारांवर काम करून दाखवायचं, अशी अट होती. म्हणून पत्र्याच्या पेटीत कानशी, हातोडी, पान्हे. वर कपडे, एक चादर आणि आईने बांधून दिलेली सुकट. वीस किलो फुकट नेता येत होते. त्यावर प्रत्येक किलोला पैसे. सात किलोचे पैसे म्हणजे माझे दोन पगार.

सामान आबांनी तोललं होतं. आबा म्हणजे माझा बाप. उल्हासनगरात एका सिंधी शेठच्या धान्याच्या दुकानात तीस वर्षं काट्यावर उभा राहिलेला माणूस. त्यांनी केलेलं वजन शेठसुद्धा पुन्हा तपासायचा नाही. दुकानातली रीत अशी, की वजन मालाचं धरायचं, पोत्याचं नाही. बारदान वजा. आबांच्या हिशेबी पेटी म्हणजे बारदानच. त्यांनी ती वजा केली.

मला सोडायला ते विमानतळाचं प्रवेशाचं तिकीट काढून आतपर्यंत आले होते.

"हे वजन कुणी केलं?" काउंटरवाल्याने विचारलं.

"मी केलं, साहेब. बारदान वजा करून बरोबर वीस भरतंय."

"बारदान?" तो शेजारच्या बाईकडे बघून हसला. "म्हातारबा, पोरगा विमानाने चाललाय. गहू नाही चालला."

मागची रांग हसली. आबांनी हात जोडले. "चुकलं साहेब. पोराला जाऊ द्या."

चुकलं होतंच, मी नाकारत नाही. पण माझ्या पुढे एक सूटवाला होता. त्याच्या दोन चामडी बॅगा मी माझ्या डोळ्यांनी बघितल्या होत्या. काटा चौतिसावर गेला होता आणि हाच माणूस तोंडभर हसून म्हणाला होता, "चालेल सर." बळी तो कान पिळी, दुसरं काय.

आबांचे ते जोडलेले हात बघून माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी त्यांचे हात धरले आणि खाली केले.

"त्या साहेबांच्या बॅगा परत काट्यावर ठेवा," मी म्हटलं. "चौतीस किलो होत्या. त्यांना जो नियम तोच मला."

"त्यांचं वेगळं आहे."

"काय वेगळं आहे?"

सूटवाला बाजूलाच उभा होता. त्याने पेपर उघडून तोंडापुढे धरला.

"तुला जायचंय का पोलीस बोलावू?"

मला जायचं होतं. घरात चूल कशी पेटत होती ते मलाच माहीत. तिथे राडा झाला असता तर नोकरी गेली असती. पण मी जमिनीवर बसलो नाही. पेटी उचलली आणि त्याच्या काउंटरवर ठेवली, त्याच्या कागदांवरच. झाकण उघडलं. चादर पसरली. एकेक कानस, एकेक पान्हा त्यावर मांडला. सुकटीची पुरचुंडी त्याच्या नाकासमोर ठेवली, मुद्दाम, सावकाश. त्याने रुमाल काढला. मी चारी टोकांना गाठी मारल्या, रिकामी पेटी आबांकडे दिली आणि गाठोडं काट्यावर ठेवलं.

काटा विसावर थांबला. एक रेघ इकडे नाही की तिकडे नाही.

"गाठोडं चालणार नाही," तो म्हणाला.

"वीस किलो आहे. चालणार नाही असं लिहून द्या."

त्याने लिहून दिलं नाही. चिठ्ठी बांधली आणि गाठोडं मागे भिरकावलं. आबांनी एकदा काट्याकडे बघितलं, मग रिकामी पेटी डोक्यावर घेतली आणि मघाशी हसलेल्या त्याच रांगेसमोरून चालत बाहेर गेले.

मी जिंकलो असं कुणी समजू नये. चादर वाटेत फाटली आणि दोन कानशी गेल्या. सूटवाल्याच्या बॅगा पुन्हा कुणी तोलल्या नाहीत. दोन वर्षांनी मी परत आलो, पण त्या दिवसाबद्दल आबा शेवटपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. म्हणून त्या हसणाऱ्या काउंटरवाल्याला मी माफ केलेलं नाही, करणारही नाही.

आता रेशनचं दुकान असो की कंपनीचं गेट, माझ्या आधीच्या माणसाचा काटा मी बघतो आणि मोठ्याने वाचतो. लोकांना ते खुपतं. खुपू दे. माझी चूक झाली तर मी भरून देईन. हात जोडणार नाही, आणि माझी पेटी कुणाच्या पायाशी उघडणार नाही.