पिवळ्या हातांची राणी

नववीच्या उन्हाळी सुट्टीत मला राणी व्हायचंच होतं. नव्वदचं दशक सरत आलं होतं. वसमतला आमच्या वस्तीची बुद्धपौर्णिमेची मिरवणूक निघायची, तिच्यात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर देखावा असायचा. त्या वर्षी ठरली बुद्धांच्या काळातली कोसलची राणी मल्लिका. दरवर्षी मी दासी होऊन पंखा हलवायचे आणि त्याचा मला मनापासून वीट आला होता.

आड आले माझे हात. सुट्टीत मी आईबरोबर अडत्याकडे हळकुंडं निवडायला जायचे. कोपरापर्यंत पिवळी व्हायचे. लिंबू झालं, रॉकेल झालं, रंग काही हटेना.

देखावा बसवणाऱ्या काकांनी विहारात माझे हात पाहिले आणि मान हलवली.

"लेकरा, राणीचे हात असे असतेत का? लोकं हसतीन. तू आपला पंखा धर."

त्यांच्याकडे नमुन्याला एक कॅलेंडर होतं, वर कुठलीशी गोरीपान राणी. माझं डोकंच फिरलं.

"काका, हा फोटो कुणी काढला?"

सगळे हसले. काकाही हसले, पण हटले नाहीत. "मग कशी होती ते तूच सांग."

आता आली का पंचाईत! विहारातल्या पुस्तकांत एकीकडे ती फुलांच्या माळा करणाऱ्याची मुलगी होती, दुसरीकडे कुणाच्या घरची दासी. खरं कोणतं, ते लिहिणाऱ्यांनाही छातीठोकपणे सांगता आलं नव्हतं. मी नेमकं तेच धरलं.

"कशी दिसायची ते मला न्हाई ठाऊक. पण माळा करणारी म्हणा न्हाईतर दासी म्हणा, दोन्हीकडं ती कामच करून राहिली. मग तिचे हात काहून कोरे असतीन?"

काकांनी कॅलेंडर गुंडाळून काखेत मारलं. "बराबर हाय पोरीचं. मुकुट आणा रे."

पौर्णिमेला मी ट्रॉलीवर चढले. डोक्यावर पुठ्ठ्याचा मुकुट, गळ्यात मोगऱ्याची माळ, आणि आनंद तर अंगात मावत नव्हता. "हात पदराआड घे गं," असं आईनं निघताना बजावलं होतं. मी कसली ऐकते! मोंढ्याच्या बाजाराजवळ हळदीच्या कामाच्या बाया मिरवणूक बघायला उभ्या होत्या. त्यांच्यासमोर येताच मी दोन्ही हात वर केले. तशी एक ओरडली, "अगं बया, ही तर आपली!" आणि सगळ्यांनी आपापले पिवळे हात वर केले. आई त्यांच्यातच होती. तिचे हात सगळ्यांत उंच होते.