खोल्या वाटणारा प्रोग्राम

शेगावात मी पायथन शिकवतो. प्रत्येक नव्या बॅचला सरावासाठी तोच कॅल्क्युलेटर बनवायला लावायचा मला कंटाळा आला होता. म्हणून मागच्या वेळी शहाणपणा केला. म्हटलं, आपापल्या रोजच्या कामातलं काहीतरी बनवा.

बाकीच्यांनी इंटरनेटवरून उतरवलं. मनावर घेतलं ते पन्नाशीच्या एका गृहस्थांनी. स्टेशनाजवळच्या लॉजवर ते काउंटर सांभाळायचे. आम्ही त्यांना मॅनेजरच म्हणायचो, नाव मी कधी विचारलं नाही. एका बोटानं टाइप करायचे आणि एंटर दाबताना डोळे मिटून घ्यायचे.

दोन महिन्यांत त्यांनी खोल्या वाटणारा प्रोग्राम केला. वीस वर्षांचं डोक्यातलं सगळं त्यात ओतलं. म्हाताऱ्या भक्तांना तळमजला, लेकुरवाळीला नळाजवळची खोली, गुरुवारी जागा संपली तरी कोणाला परत पाठवायचं नाही, गच्चीवर सतरंजी द्यायची. मी वर्गात टाळ्या वाजवल्या. मालकाला दाखवा, असंही मीच म्हणालो.

मालकाला फार आवडला. त्यानं काउंटरवर मेहुण्याला बसवलं. आता कोणीही बसलं तरी चालतं म्हणे.

मॅनेजर शेवटचे आले ते सर्टिफिकेट न्यायला. माझी मान वर होईना.

"काल पाहून आलो सर," ते म्हणाले. "प्रोग्राम बराबर चालून राह्यला. एकबी चूक नाई."

मग दारातून वळले.

"पुढच्या बॅचले मात्र कॅल्क्युलेटरच सांगजा."