खालच्यांशी बोलणं

पोलंडमधल्या सायलेशियात मी राहतो त्या घराखाली कोळशाची खाण आहे. खालून हादरा आला की कपाटातले कप किणकिणतात, आणि घरमालकीण आजी फरशीकडे वाकून तिच्या सायलेशियन बोलीत पुटपुटते. मुलाशी मात्र पोलिशच.

"कोणाशी बोलता, आजी?"

"नवऱ्याशी. खाणीतून वर आलाच नाही तो. नातवंडांपुढे हे गावंढळ नको, असं मुलासारखं तो तरी म्हणत नाही."

मला परक्याला आसरा देणाऱ्या या बाईची बोली फक्त मेलेला माणूस ऐकतो! माझ्या अहिराणीला वर्ग हसला म्हणून मी शाळा सोडली. लेकीशीही पुस्तकीच बोलतो.

कप पुन्हा किणकिणले. मी घाईने खानदेशात लेकीला फोन लावला. "कशी शे माय?"

पलीकडून हळूच, "बाबा, परत बोल ना तसं."