राउटरमधून गेलेला आकडा

दादरला कटपीसच्या धंद्यात मी तीस वर्षं टिकलो ते एकाच गोष्टीवर. आपला शेवटचा आकडा समोरच्याला कळू द्यायचा नाही. म्हणूनच आमच्या लालबागच्या चाळीचा पुनर्विकास ठरला तेव्हा बिल्डरशी बोलायला सगळ्यांनी मला पुढे केलं. दर घरामागे मागायचे सहाशे फूट आणि अगदीच अडलं तर पाचशे वीसवर थांबायचं, असं कमिटीच्या आम्ही पाच जणांनी दार लावून ठरवलं. सेक्रेटरींनी ते चाळीच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर लिहून ठेवलं.

त्याच आठवड्यात तळमजल्यावरची सूनबाई ऑफिसात आली. ती परळला एका कंपनीत नेटवर्कचं काम बघते. म्हणाली, "काका, हा तुमचा वायफायचा राउटर आहे ना, त्यात भोक सापडलंय. पासवर्ड माहीत नसला तरी बाहेरचा माणूस आत शिरू शकतो. कंपनीने दुरुस्ती पाठवलीय. अपडेट करायला दहा मिनिटं लागतील."

सेक्रेटरी म्हणाले, "चालतंय ना? मग चालत्या वस्तूला हात कशाला लावायचा?" राउटरचा मुख्य पासवर्ड फक्त त्यांच्याकडे होता आणि तो सांगणं त्यांच्या जिवावर यायचं.

मीही तिची बाजू घेतली नाही. भीती घालून माल खपवणारे मी फार पाहिलेत. तीही त्यातलीच वाटली. "आधी बिल्डरचं मिटू दे, मग बघू," म्हणालो.

तिसऱ्या बैठकीत मी सहाशेवर अडून बसलो होतो. बिल्डरचा माणूस चहा ढवळत म्हणाला, "शेठ, कशाला घसा कोरडा करताय? पाचशे वीस देतो. तेवढ्यात भागतंय तुमचं."

बाकीच्या चौघांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं. आदल्या आठवड्यात मी त्या माणसाला हॉटेलात एकटाच भेटलो होतो, आणखी वर चढवता येतो का ते बघायला. ते सगळ्यांना ठाऊक होतं. मी टेबलावर हात आपटला, नको ते बोललो. तेच नडलं. संध्याकाळी जिन्यात आवाज आला, "चोराच्या उलट्या बोंबा."

तेव्हा मला सूनबाई आठवली. तसाच तिच्या दारात गेलो. ती म्हणाली, "कोण कोण जोडलं गेलं होतं, त्याची यादी राउटरमध्ये असते, काका. अनोळखी कुणी असेल तर दिसेल. फक्त तो बंद होऊ देऊ नका, यादी पुसली जाते."

आम्ही धावत ऑफिसात गेलो. सेक्रेटरी खुशीत होते. "या, या! केलं तुमचं ते अपडेट, आज सकाळीच. आता कुणी नावं ठेवायला नकोत."

तिने यादी उघडली. ती त्या सकाळपासूनची होती. अपडेट होताना राउटर बंद होऊन पुन्हा सुरू झाला होता.

"म्हणजे पुरावा नाही म्हणा की," सेक्रेटरी म्हणाले.

मी सूनबाईकडे पाहिलं. ती हळूच म्हणाली, "कुणी शिरलंच होतं, असं मी छातीठोक नाही सांगू शकत, काका."

महिन्याभराने सेक्रेटरी संमतीपत्र घेऊन दारात आले. "तुमचीच राहिलीय. की तिकडे आधीच सही करून आलात?"

मी सही केली. पार्किंगची बोलणी करायला आता तेच जातात. पहिल्याच बैठकीत बिल्डर म्हणाला ते मान्य करून आले. जिन्यात कुणी चकार शब्द काढला नाही.