दादाच्या ट्रकचा रेडिएटर

आमच्या वडिलांचा, अण्णांचा जुना ट्रक थोरल्या दादाकडं गेला, तेव्हापासून तो माझ्या डोळ्यांत सलत होता. यंदा त्याचा रेडिएटर गळू लागला आणि मला आतून बरंच वाटलं. पण दादानं रेडिएटर धुवून घेतला, नवं कूलंट भरलं आणि त्यात गळती थांबवणारं औषध ओतलं.

सिल्लोडहून मका भरून आम्ही दोघं शहराकडं निघालो. इंजिन तापलं की "विकून टाक" म्हणायचं, म्हणून मी तापमानाच्या काट्यावर नजर ठेवून होतो. काटा काही वर गेलाच नाय.

फुलंब्रीजवळ दादा खाली उतरला. म्हणाला, "आता तू चालव. अण्णांसारखा हात तुझाच हाय."

शहरापर्यंत मीच चालवला. ट्रक लई गोड चालला, आणि घरी चावी परत देताना माझा जळफळाट आणखीच वाढला.