चहाची हाक

ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबाच्या हॉस्पिटलात, कोविडच्या दिवसांत, एक म्हातारा उरलेल्या तीन बोटांच्या व्यायामासाठी माझ्याकडे यायचा. दुकानात काडतुसं मिळेनात, म्हणून तो शेडमध्ये स्वतःच भरायचा. एकदा बायकोनं चहाला हाक मारली, त्यानं ओ दिली, आणि भरलेल्याच काडतुसात पुन्हा बंदुकीची दारू ओतली. नेमबाजीच्या क्लबात रिव्हॉल्व्हर हातातच फुटलं.

"चूक माझीच, मेट. पण आता ती हाकच मारत नाही. चहा दाराशी ठेवून जाते."

"मग सांगा ना तिला तसं."

"सांगितलं. म्हणते, गार चहानं बोटं जात नाहीत."

साथीमुळे ती बाहेर गाडीतच थांबायची. व्यायाम संपला तरी तो काचेच्या दाराआड रेंगाळायचा, ती कंटाळून हाक मारेल म्हणून. खरं सांगतो, मीही त्याला मुद्दाम उशिरा सोडू लागलो. ती निमूट बसून राहायची.