डावीकडची फळी

वर्ग झाडताना खडूचे तुकडे सापडायचे. टाकवायचे नाहीत, म्हणून मी ते खाकी शर्टाच्या खिशात ठेवायचो. शनिवारी खिसा उलटा केला की मूठभर निघायचे! गोष्टींचंही तसंच होतं. एकेक सापडत जाते आणि एक दिवस खिसा जड लागतो.

मुलुंडच्या एका कॉलेजात मी शिपाई होतो. घंटेचे टोले देऊन देऊन उजवा खांदा अजून धरतो. शाळेत मी कधी बसलो नाही. मस्टरवर अंगठा उठवायचो, तोही डावा, कारण ऑफिसवाले डावाच मागतात! मग आज हे लिहितोय कसा, ते पुढे कळेलच. मला घाई नाही, तुम्हीही करू नका.

ऐंशीच्या सुमारास आमच्याकडची बाकं गेली आणि नव्या खुर्च्या आल्या. प्रत्येक खुर्चीला उजव्या हाताशी लिहायची फळी. एकदम झकास! एकाही खुर्चीची फळी डावीकडे नाही, हे कोणाच्याच ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही, आणि तीन मजले चढवल्या त्या मीच!

*

पहिला अडकला तो भालेराव. डावखुरा, अंगाने आडवा. स्वतःची फळी त्याच्या काय कामाची? मग त्याने युक्ती काढली. डावीकडे बसणाऱ्या नाईकची फळी त्याच्या डाव्या हाताशी यायची. तीच धरली!

एकदा सरांनी विचारलं, "नाईक, तुझी वही कुठाय रे?"

"सर, माझी फळी भालेरावकडे असते. तो लिहितो, मी ऐकतो."

वर्षभर हेच चाललं. निकाल लागला तर नाईक पास आणि भालेराव नापास! मी बिचाऱ्याला पाणी आणून दिलं.

"काय सांगू काका," तो म्हणाला, "लिहायच्या नादात ऐकायचंच राहिलं!"

*

मग आली शुभदा. बी.कॉम.ची मुलगी, भांडुपहून यायची. शाईपेनने लिहिताना डावा हात ओल्या अक्षरांवरून फिरायचा, म्हणून तळहाताची करंगळीकडची बाजू कायम निळी. माझ्याशी तिची गट्टी. येता-जाता "काय गावडेकाका, जेवलात ना?" म्हणणारच.

ऑफिसात दरवर्षी सत्यनारायण असायचा. तीर्थाला शुभदाने सवयीने डावा हात पुढे केला. गुरुजींनी पळी मागे घेतली.

"उजवा!"

पोरगी ओशाळली. उजव्या हाताने तीर्थ घेऊन गुपचूप कोपऱ्यात उभी राहिली.

आरती झाली. पुढच्या पूजेला काय काय लागेल त्याची यादी गुरुजी लिहायला बसले. पेन हातात घेतलं ते डाव्या! कोपऱ्यातून हळूच आवाज आला,

"गुरुजी, उजवा!"

गुरुजींनी एकदा हाताकडे बघितलं, एकदा तिच्याकडे, आणि मला म्हणाले, "गावडे, हिला शिरा डबल वाढा."

*

पण तिच्या शेवटच्या वर्षी हे हसण्यावारी नेण्यासारखं राहिलं नाही. सहामाहीच्या पेपरला कारखानीस सर सुपरवायझर होते. माणूस वाईट नव्हता, पण कडक. शुभदाला उजव्या फळीवर डाव्या हाताने लिहायचं म्हणजे कमरेतून वळावं लागायचं. तोंड आपोआप शेजाऱ्याच्या पेपराकडे. सरांनी दोनदा दम दिला आणि तिसऱ्यांदा पेपर काढून घेतला.

प्रिन्सिपलसाहेबांच्या केबिनमध्ये ती रडत उभी.

"मार्चला युनिव्हर्सिटीची परीक्षा आहे," साहेब म्हणाले. "तिथे कॉपीचा शेरा पडला तर तुझं वर्ष गेलं, बाळ."

"सर, घरी वडील म्हणतात उजव्याने लिही, नाहीतर घरात बस. मी लिहून बघितलं. नाही जमत!"

मी पाणी घेऊन आत गेलो होतो. मध्ये बोलायची माझी पायरी नव्हती. पण मी बाहेर जाऊन वर्गातली एक खुर्चीच उचलून आणली आणि साहेबांपुढे ठेवली.

"साहेब, दोन ओळी डाव्या हाताने लिहून बघता?"

साहेब देवमाणूस, खरंच बसले. पेन डाव्या हातात धरून वळता वळता त्यांचं नाक थेट उजवीकडे उभ्या असलेल्या कारखानीस सरांच्या शर्टाला लागलं!

"कारखानीस," साहेब तसेच वाकून म्हणाले, "तुमच्या खिशात रेशनकार्ड आहे. मला अख्खं वाचता येतंय."

एक खुर्ची मंजूर झाली!

*

आमचा मेस्त्री मालवणकडचा, माझ्याच गावचा. त्याला बजावून सांगितलं, "फळी काढून डावीकडे लाव." आठ दिवसांनी खुर्ची परत आली. चकाचक! पण फळी होती तिथेच.

"अरे, केलंस काय?"

"गावड्यांनू, फळी डावीकडेच होती मां! मगे नुसता पालिश मारलंय."

पठ्ठ्या खुर्चीच्या समोर उभा राहून बोट दाखवत होता.

मी म्हटलं, "तू हयसर बस बघूया."

तो बसला. डावीकडे चाचपडला, मग उजवीकडे. तोंडाचा आ वासला.

"देवा म्हाराजा! ही फिरली कशी?"

*

शेवटी फळी डावीकडे आली, पण हेडक्लार्क बापट आडवे आले. खुर्ची एकच. पेपर कधी पहिल्या मजल्यावर, कधी तिसऱ्या. ती रोज ताब्यात कोण घेणार? रजिस्टरात ताबा घेणाऱ्याची सही हवी.

"मी घेतो की," मी म्हटलं.

"गावडे, परीक्षेचं रजिस्टर आहे. अंगठा चालायचा नाही. सही येत असेल तर बोला."

दुसरे दोघे शिपाई सही करणारे होते, पण रोज जिने चढून खुर्ची न्यायला दोघेही तयार नाहीत. बापट म्हणाले, सही नाही तर खुर्ची स्टोअररूममध्ये. परीक्षा पंधरा दिवसांवर! शुभदाला सांगताना माझीच मान खाली गेली.

ती मात्र हसली. "काका, 'गावडे' एवढंच लिहायचंय ना? तीन अक्षरं! मी शिकवते."

कॉलेज सुटल्यावर रिकाम्या वर्गात आमची शाळा भरायची. मला तिने त्या बदललेल्या खुर्चीत बसवलं, "सवय करून ठेवा तिची." स्वतः बाजूला उभी राहून लिहून दाखवायची आणि मी तिच्यासारखंच करायचो. 'गा'चा काना माझ्याकडून भिंतीला टेकवलेल्या शिडीसारखा वाकडा यायचा. 'डे' तर पाचव्या दिवसापर्यंत हातातच येईना.

"काका, पेन आहे ते, झाडू नाही! हलकं धरा."

अभ्यास तिचा व्हायचा, तर ती माझाच घेत बसलेली. नवव्या दिवशी कागदावर स्वच्छ 'गावडे' उमटलं. तिने टाळ्या वाजवल्या आणि मी उगाच घंटा पुसायला गेलो. पुढची अक्षरं मग नंतर सावकाश आली.

मार्चचा पहिला पेपर. तिसरा मजला. खुर्ची खांद्यावरून नेऊन मी पहिल्या रांगेत मांडली. शुभदा बसली ती ताठ, मान सरळ, नजर फळ्याकडे. सुपरवायझर पुन्हा कारखानीस सरच! तिच्याकडे बघून त्यांनी चष्मा पुसला आणि रजिस्टर माझ्यापुढे केलं.

मी पेन घेतलं. टोपण काढलं. मी सावकाश तीन अक्षरं काढली. सर वाकून बघत होते.

"गावडे, घंटा देता उजव्या हाताने, चहा देता उजव्या हाताने, आणि सही डाव्याने? उजवा हात दुखतोय का?"

"नाही सर," मी म्हटलं. "त्याला कोणी शिकवलंच नाही."